खिडकीपलीकडून : दुसऱ्या वर्षाला पुण्यात

प्रश्न : काकू, बीएस्सीचं पहिलं वर्ष कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या एका कॉलेजात झालं. वडिलांची बदली झाली म्हणून आता दुसऱ्या वर्षाला पुण्यात आलेय. इथे नव्या मुलांसाठी आठवडाभर इंडक्शन आहे, पण सगळी पहिल्या वर्षाची पोरं. मी त्यात जाऊन बसू का? ऑफिसात रोज नवा कागद मागतात. वर मी ‘जातो, येतो’ म्हटलं की वर्गातल्या मुली हसतात.
— एक वाचक, मूळ कोल्हापूर

उत्तर : बस की. मागच्या बाकावर बस, लायब्ररी आणि लॅब कुठे आहे ते बघून घे. भाषणं चुकली तरी चालतील. यूजीसीने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाने इंडक्शनची आखणी करून दिली, ती बारावीतून नुकत्याच आलेल्या पोरांसाठी. मधूनच आलेल्यांचं इंडक्शन ऑफिसच्या खिडकीवर होतं. त्या खिडकीमागे मी अठ्ठावीस वर्षं बसले आहे.

टीसी जुनं कॉलेज देतं, मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचा दाखला, जुनं विद्यापीठ देतं. दर वर्षी निम्मी मुलं टीसी पुढे करून म्हणायची, ‘हेच ना मॅडम मायग्रेशन?’ दोन्ही मूळ कागद जमा होतात, म्हणून आधी स्कॅन कर आणि देताना पोच घे. ‘उद्या या’ म्हणजे पोच नव्हे.

कागदांवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघ. एक मुलगा तीनदा आमच्या खिडकीवरून परत गेला. बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव ‘दत्तात्रय’, टीसीवर ‘दत्तात्रेय’. एका मात्रेसाठी त्याचा पात्रतेचा (एलिजिबिलिटीचा) अर्ज अडकला. चौथ्या खेपेला त्याच्या प्लास्टिकच्या फोल्डरची चेन तुटलेली होती, रबर बँड लावून आणला होता. चूक जुन्या कॉलेजातल्या टायपिस्टची, हेलपाटे पोराला.

तुझ्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे श्रेयांक, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात दिसायला हवेत. ही सोय 2021 मध्ये आली. डिजिलॉकर उघडून बघ. दिसत नसतील तर जुन्या कॉलेजामार्फत विद्यापीठाच्या मागे लाग, कारण ते चढवायचं काम त्यांचं असतं, ते तुला घरबसल्या करता येत नाही. आणि खात्यात क्रेडिट आले म्हणजे विषय जुळले, असं मुळीच समजू नकोस. तिकडचा अभ्यासक्रम विषयवार छापून विभागप्रमुखांसमोर ठेव, कोणता विषय इथे धरणार नाहीत ते विचार, आणि तोंडी उत्तरावर समाधान न मानता सही घे. एखादा पेपर पुन्हा द्यावा लागणार हे परीक्षेचा फॉर्म भरताना कळलं की मुली खिडकीशीच रडतात. मी पाहिलंय. प्रॅक्टिकलची सर्टिफाइड जर्नलं तर रद्दीत घालूच नकोस. काय करून आलीस हे मास्तरांना त्यातूनच पटकन कळतं.

आता ‘जातो-येतो’. अगं, मीही कोल्हापूरकडचीच, गडहिंग्लजची. नोकरीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी ‘साहेब, मी जातो’ म्हणाले, तर साहेब माझ्या मागे कोण पुरुष उभा आहे ते बघायला लागले. पुढे वर्षभर ऑफिसात माझी नक्कल चालायची. नंतर त्यांनाच कंटाळा आला. निवृत्तीच्या दिवशी नारळ हातात घेऊन दारातून सगळ्यांना म्हणाले, ‘बरंय, येतो मी.’ कुणी हसलं नाही. शिपाईमामा तेवढे म्हणाले, ‘या.’