सागाचे आणि रस्त्याचे पैसे मोठ्या आईला द्यायचे की मुद्दलात ठेवायचे?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही समजेल. तुम्ही वरुडकडचे. तुमचे मोठे बाबा (मोठे काका) सप्टेंबर 2022 मध्ये वारले आणि जाताना मृत्युपत्रानं ट्रस्ट करून गेले, ट्रस्टी तुम्ही आणि गावातले रिटायर गुरुजी. मृत्युपत्रात एवढंच लिहिलंय की मालमत्तेचं उत्पन्न मोठ्या आईला हयातभर आणि तिच्या पश्चात मूळ मालमत्ता त्यांच्या मुलीच्या दोन मुलांना, म्हणजे 24 वर्षांचा नातू अन् 15 वर्षांची नात. आता एकाच वर्षात ट्रस्टच्या खात्यात साडेपस्तीस लाख आले, त्यात साग विकल्याचे आणि रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे पैसेही आहेत. मोठी आई म्हणून राहिली की यावर्षी आलं ते सगळं माझं, गुडघ्याचं ऑपरेशन पण करायचं आहे. तिकडे नातवाचं म्हणणं की सागाच्या आणि रस्त्याच्या पैशाला हात लावू नका. आणि तुमचा कल मोठ्या आईकडे आहे, कारण तिनं तुम्हाला लहानपणापासून सांभाळलं.

माझं उत्तर असं आहे की ऑपरेशन नक्की करा, पण सागाचे आणि जमिनीचे पैसे तिला देऊ नका, आणि तसं करायची गरजही पडत नाही, ते पुढे आकड्यात दाखवतो.

पैसा खात्यात कधी जमा झाला यावरून तो उत्पन्न ठरत नाही. कशातून आला ते बघायचं. संत्र्याचा बहार तोडला तरी झाड उभं राहते आणि पुढच्या वर्षी परत फळ देते, म्हणून तो पैसा उत्पन्न. साग कापला की साग संपला, वावर रस्त्यात गेलं की वावर संपलं, त्याचे जे पैसे आले ते त्या वस्तूच्या जागी आले, म्हणून ते मुद्दल. मृत्युपत्रात वेगळं काही लिहिलं असतं तर ते आधी मानायचं असतं, पण तुमच्या मृत्युपत्रात झाडांबद्दल किंवा संपादनाबद्दल अक्षर नाही, म्हणून हाच नियम धरायचा.

अमेरिकेत ह्या वाटणीसाठी 1931 पासून वेगळा नमुना कायदा आहे, तो 1962 आणि 1997 मध्ये सुधारला आणि 2018 मध्ये नव्या नावानं आला. 1997 च्या मसुद्यात तर ट्रस्टीला ठरावीक अटींवर मुद्दलातला काही भाग उत्पन्नाकडे वळवायची मुभाही दिली. आपल्याकडे खाजगी ट्रस्टला 1882 चा भारतीय न्यास अधिनियम लागतो आणि त्यात असा बारीक तक्ता नाही. कलम 55 सांगते की मालमत्तेचं भाडं आणि नफा लाभार्थ्याचा, आणि कलम 17 सांगते की लाभार्थी जास्त असतील तर ट्रस्टीनं कोणाची बाजू घ्यायची नाही. म्हणजे तुमच्या मनात मोठ्या आईबद्दल माया आहे ती असावीच, पण सही करताना ती 15 वर्षांची पोरगीही तुमच्याच भरवशावर आहे हे विसरू नका, ती तर स्वतः येऊन तुमच्याशी भांडूही शकत नाही.

आता एकेक रक्कम घेऊ. संत्र्याच्या अंबिया बहाराचे व्यापाऱ्यानं 5,20,000 दिले, त्यातून खत, फवारणी, मजुरी, वीज बिल, मोटर दुरुस्ती असा 1,70,000 खर्च गेला, हा सगळा चालू खर्च आहे म्हणून तो उत्पन्नातूनच जाईल, उरले 3,50,000. तीन एकर ठोक्यानं (ठरावीक रकमेवर भाड्यानं) दिलं त्याचे 66,000, ते सरळ उत्पन्न. शेअरचा डिव्हिडंड 9,000, तोही उत्पन्न. पण त्याच कंपनीनं बोनस शेअर दिले ते मुद्दलात ठेवा, कारण कंपनीनं खिशातून काही बाहेर काढून दिलं नाही, आहे तोच हिस्सा जास्त तुकड्यात झाला, ते शेअर मोठ्या आईच्या नावावर करून मोकळे होऊ नका. धुऱ्यावरच्या सागाचे 4,75,000 पूर्ण मुद्दल. छाटणीच्या फांद्या जळतणासाठी विकल्या असतील तर तेवढे तिला द्यायला माझी हरकत नाही.

रस्त्याच्या मोबदल्यात मात्र घाई करू नका, इथेच बहुतेक लोक चुकतात, कारण बँकेत एकच रक्कम येते, 16,40,000, आणि सगळे तिच्याकडे एकच आकडा म्हणून बघतात. भूसंपादन अधिकाऱ्याच्या अवॉर्डची (मोबदला ठरवणाऱ्या निवाड्याची) प्रत काढा आणि त्यातली रकानेवार फोड बघा. तुम्ही जे पाठवलं त्यानुसार बागेतल्या 22 गुंठ्यांचे 10,00,000, गेलेल्या संत्र्याच्या झाडांचे 5,35,000, दोन्हीत दिलासा रक्कम (सक्तीनं घेतल्याबद्दल किमतीवर मिळणारी जादा रक्कम) धरून. हे पंधरा लाख पस्तीस हजार मुद्दल. पण त्याच यादीत झाडावर असलेल्या बहाराचे 30,000 आहेत, तो बहार रस्ता आला नसता तर मोठ्या आईचाच होता, म्हणून ते तिचे. आणि 75,000 व्याज आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात ताबा घेऊन पैसे उशिरा दिले तर पहिल्या वर्षी 9 टक्के आणि त्यानंतर 15 टक्के व्याज असते (कलम 80). ताबा गेल्यापासून पैसे येईपर्यंत त्या जमिनीचं उत्पन्न बुडालं, हे व्याज त्याच्या जागी आहे, तर ते तिला मिळालं पाहिजे. फक्त एक तपासा, अवॉर्डमध्ये 12 टक्क्यांचा वेगळा रकानाही असतो, तो जमिनीच्या किमतीवर दिलेला जादा मोबदला असतो, व्याज नाही, तो जमिनीसोबत मुद्दलात जाईल.

एफडीचंही असंच. मोठ्या बाबांनी मार्च 2020 मध्ये 6,00,000 ची क्युम्युलेटिव्ह एफडी (व्याज मुदतीअखेर एकदम मिळते ती) केली, पाच वर्षांनी 8,40,000 हातात आले. तुम्हाला वाटलं 2,40,000 व्याज म्हणजे सगळं मोठ्या आईचं. पण ते वारले तोपर्यंत अडीच वर्षं झाली होती आणि व्याज रोजच्या रोज चढत असते, तोपर्यंत चढलेलं व्याज त्यांच्या इस्टेटीत पडलं, ते मुद्दल झालं. तिमाही चक्रवाढीनं त्या दिवशी साधारण 7,10,000 होतात, बँकेकडून तारीखवार आकडा लेखी घ्या. त्यापुढचे 1,30,000 तिचे.

बेरीज करा. मोठ्या आईचे 3,50,000 अधिक 66,000 अधिक 9,000 अधिक 30,000 अधिक 75,000 अधिक 1,30,000, म्हणजे 6,60,000. मुद्दलात 27,20,000. ऑपरेशनचा अंदाज तुम्ही तीन लाख सांगितला, तो तिच्या स्वतःच्या पैशातून होतो आणि वर साडेतीन लाखांच्या वर उरतात. मग काहून मुद्दलाला हात लावता?

टॅक्सचं थोडक्यात. शेतीचं उत्पन्न आणि 2013 च्या कायद्याखालचा जमिनीचा मोबदला यावर इन्कम टॅक्स नाही, एफडीच्या व्याजावर आहे. सागाच्या पैशाचं आणि अवॉर्डमधल्या व्याजाचं सीएकडून लेखी घ्या, ट्रस्टचं रिटर्न भरायला तो लागणारच आहे.

आता मला जे खरं महत्त्वाचं वाटते ते. 27,20,000 कुठं लावता यावरच ठरेल की पुढं कोणाच्या ताटात काय पडते. सगळे क्युम्युलेटिव्ह एफडीत किंवा ग्रोथ फंडात टाकले तर कागदावर वाटणी बरोबर असूनही मोठ्या आईच्या हातात वर्षानुवर्षं काही येणार नाही. सगळे व्याज देणाऱ्या एफडीत टाकले तर तिचं छान चालेल, पण वीस वर्षांनी पोरांच्या हाती येणाऱ्या सत्तावीस लाखांत आजच्यासारखं काही येणार नाही. तुमच्या जागी मी असतो तर 20 लाख ट्रस्टच्या नावानं तिमाही व्याज देणाऱ्या एफडीत ठेवले असते, साडेसहा टक्के धरले तर तिला वर्षाला 1,30,000 (ज्येष्ठ नागरिकाचा जादा दर ट्रस्टला धरू नका). उरलेले 7,20,000 बागेत आणि जमिनीत. तुम्ही लिहिलं की जुन्या बागेत डिंक्या लागून झाडं वाळून राहिली, तर नवी लागवड आणि नवीन बोअर हा मुद्दलाचा खर्च आहे, त्यानं पोरांची मालमत्ता राखली जाते आणि नवीन झाडं पाच-सहा वर्षांत बहारावर आली की मोठ्या आईलाही मिळते. जवळपास तुकडा विकायला निघाला आणि मृत्युपत्र अडवत नसेल तर 22 गुंठ्यांच्या जागी जमीन घेणं मला सगळ्यात आवडेल. कोणत्याही गुंतवणुकीआधी न्यास अधिनियमाचं कलम 20 (ट्रस्टचा पैसा कुठं गुंतवायचा ते) आणि मृत्युपत्र दोन्ही वकिलाला दाखवून घ्या.

उद्या खरंच मोठ्या आईचं दुखणं वाढलं, आठ-दहा लाख लागले, तर काय? तेव्हाही मुद्दलाला उत्पन्न म्हणून खोटं नाव देऊन काढू नका. सरळ रस्ता आहे, न्यास अधिनियमाचं कलम 11. सगळ्या लाभार्थ्यांची संमती असेल तर ट्रस्टच्या अटी बदलता येतात. नातू सही करू शकतो, नात करू शकत नाही, तिच्यासाठी जिल्हा न्यायालयाची संमती लागते, आणि ती तिच्या आईनं परस्पर देऊन चालत नाही. वेळ जाते, वकिलाची फी जाते, पण तुम्ही सुरक्षित राहता. नाही तर कलम 23 खाली भरपाई तुमच्या स्वतःच्या वावरावर येऊ शकते, आणि गुरुजींच्याही, कारण निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो, त्यांची नुसती सही घेऊन येऊ नका.

दोन वेगळी बँक खाती उघडा, एक उत्पन्नाचं, एक मुद्दलाचं, दोन्ही ट्रस्टच्या नावानं. नातवानं हिशोब मागितला तर राग न मानता अवॉर्डची आणि पासबुकाची झेरॉक्स द्या, मागायचा हक्क त्याला कायद्यानंच आहे. मोठ्या आईला 6,60,000 चा कागद समोर बसून वाचून दाखवा, कारण तिला आतापर्यंत साडेपस्तीस हा एकच आकडा माहीत आहे. अवॉर्डमध्ये व्याज 75,000 पेक्षा कमी-जास्त निघालं तर तेवढीच ओळ बदला, पण तिला पहिला चेक देण्याआधी ती प्रत हातात घ्या.