मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेल्यावर बायोलॉजीचे इंग्रजी शब्द लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत सगळं मराठीतून झालं, आता बायोलॉजीचं पुस्तक उघडलं की पानापानावर अनोळखी शब्द दिसतात, आणि घोकून पाठ केलेले आठवड्यात पुसले जातात. मीही याच वाटेने आले आणि आता अकरावी-बारावीला हाच विषय शिकवते.

आधी एक विनंती. नववी-दहावीची मराठी विज्ञानाची पुस्तकं रद्दीत घालू नका. बरीच मुलं ‘आता मराठी शब्द काय कामाचे’ म्हणून ती टाकून देतात आणि मला फार वाईट वाटतं, कारण इंग्रजी शब्दांची किल्ली त्याच पुस्तकांत आहे.

मायटोकॉन्ड्रिया घ्या. ग्रीकमध्ये मिटोस म्हणजे धागा, कॉन्ड्रिऑन म्हणजे बारीक कण. कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये हे नाव दिलं. आता आपला शब्द आठवा: तंतुकणिका. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये एंडो म्हणजे आत आणि रेटिक्युलम म्हणजे लहान जाळं. आपण म्हणतो आंतर्द्रव्यजालिका. व्हॅक्युओल हा लॅटिनमधल्या ‘रिकामा’ या अर्थाच्या शब्दावरून आलाय, आपली रिक्तिका. आपली परिभाषा घडवणाऱ्यांनी पुष्कळ ठिकाणी मूळ अर्थच संस्कृतात उतरवला आहे. म्हणजे जो शब्द तुम्ही नवा समजून घोकताय, त्याचा अर्थ तुम्ही परीक्षेत आधीच लिहून आलाय.

वर्गात मी प्राण्यांचं वर्गीकरण सुरू करताना आधी विचारते, कुणाच्या आजीला आर्थ्रायटिस आहे? निम्मे हात वर होतात. काय दुखतं? सांधे. मग फळ्यावर लिहिते: ग्रीकमध्ये आर्थ्रॉन म्हणजे सांधा, पोडा म्हणजे पाय. एकदा मागच्या बाकावरची मुलगी पटकन म्हणाली, “मॅडम, म्हणजे झुरळ संधिपाद म्हणून आर्थ्रोपोडा!” त्या दिवसानंतर त्या वर्गात तो शब्द कुणी चुकला नाही. दवाखान्यांच्या पाट्या, रक्ताचे रिपोर्ट, घरातल्यांची दुखणी यांत असे तुकडे खूप सापडतात. नेफ्रॉलॉजिस्ट मूत्रपिंडाचा डॉक्टर, म्हणून मूत्रपिंडातलं नेफ्रॉन. ल्युकेमियात वाढतात त्या पांढऱ्या पेशी, म्हणून ल्युकोसाइट.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे काही तुकडे तर सख्खे नातलगच निघतात. पोडा आणि पाद, पेरी आणि परि (पेरिकार्डियम म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण). नकाराचा नियमही तोच: व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन्. आपण अज्ञान म्हणतो पण अनादर म्हणतो. तसंच असीलोमेट म्हणजे देहगुहा (शरीरातली पोकळी) नसलेला, आणि अनएरोबिक म्हणजे हवेशिवाय चालणारं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा इंग्रजी पुस्तकाची भीतीच गेली.

मात्र मूळ शब्दावर डोळे झाकून विसंबू नका. कॉन्ड्रॉस या शब्दाचा अर्थ कण होतो आणि कूर्चाही (कान-नाकातलं लवचीक हाड) होतो. म्हणून कॉन्ड्रोसाइट ही कूर्चेची पेशी, पण मायटोकॉन्ड्रियाचा कूर्चेशी काही संबंध नाही. क्रोमोसोमचा मूळ अर्थ ‘रंग घेणारा देह’, कारण विशिष्ट रंगद्रव्य टाकलं की तो सूक्ष्मदर्शकाखाली ठळक दिसायचा; वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये हे नाव दिलं. मराठीत मात्र आपण गुणसूत्र म्हणतो, तिथे वाट वेगळी झाली. आणि मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये ‘वाईट हवा’. डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला, पण नाव जुन्या समजुतीचंच राहिलं. अर्थ फोडून झाला की व्याख्या वाचायचीच.

वही करायची असेल तर एका पानावर एकच तुकडा लिहा आणि पान कोरं सोडा. वर्षभर जिथे तो भेटेल तिथला शब्द, त्याचा मराठी प्रतिशब्द आणि एक छोटं चित्र तिथे भरत जा. रोज दोन तुकडे पुरे. स्पेलिंगसुद्धा तुकड्यांतच लिहा. क्लोरोफिल, क्रोमोसोम यांत ‘क’च्या जागी सी-एच का येतो? तिथे मूळ ग्रीक अक्षर वेगळं आहे. हे एकदा कळलं की हात आपोआप वळतो.

आज रात्री एक शब्द स्वतः फोडून बघा: एकायनोडर्माटा. एकायनोस हे काटेरी अंगाच्या एका लहान प्राण्याचं ग्रीक नाव. डर्मा तुम्ही कोणत्या डॉक्टरच्या पाटीवर वाचलंय ते आठवा, आणि मग दहावीचं पुस्तक उघडून ताऱ्याच्या आकाराच्या समुद्री प्राण्याचा संघ कोणता दिलाय ते पाहा.