वेचक फोटो नकोत, एक अख्खं लग्न दाखवायला सांगा

तुमच्या बहिणीचं लग्न डिसेंबरात, पुण्यातल्या कार्यालयात. हाताशी तीन फोटोग्राफरांची कोटेशनं आहेत, तिघांचंही इन्स्टाग्राम देखणं आहे, मग निवडायचं कसं, असं विचारलंय तुम्ही. नात्यातल्या बऱ्याच लग्नांत या मंडळींशी बोलणी करण्याचं काम माझ्याकडे आलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इन्स्टाग्राम बाजूला ठेवा. तिथे दिसतात ते वर्षभराच्या लग्नांतले वेचक फोटो, आणि त्यातलेही कितीतरी मोकळ्या लॉनवर, उतरत्या उन्हात काढलेले. त्या उजेडात कोणाचेही फोटो बरे येतात. तिघांनाही सांगा, हॉलमध्ये लागलेल्या एखाद्या लग्नाचे, त्या घराला दिलेले सगळे फोटो दाखवा. त्या लोकांची परवानगी घ्यायला त्याला दोन दिवस लागले तर लागू देत.

ते बघायला बसलात की थेट अंतरपाटापाशी जा. आपल्या लग्नात फोटोग्राफरचा कस लागतो तो तिथे. अंतरपाट बाजूला होतो, दोघं एकमेकांकडे बघतात, हार पडतात, अक्षतांचा शेवटचा मारा होतो, वाजंत्री सुरू होते आणि पुढच्या क्षणी अर्धा हॉल स्टेजवर चढलेला असतो. पुन्हा करून दाखवा म्हणायची सोय नाही. मुरलेला फोटोग्राफर गुरुजींनी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' सुरू केलं की जागा धरून तयार असतो. नवखा तेव्हा करवलीच्या हातातल्या कऱ्याचा क्लोजअप घेत असतो! शिवाय वधूवर समोरासमोर उभे असतात, त्यामुळे एकाच कॅमेऱ्यात त्या क्षणी दोघांचे चेहरे समोरून येत नाहीत. एक जण मुलाच्या बाजूने, एक मुलीच्या बाजूने हवा आणि व्हिडिओवाला या दोघांच्या आड यायला नको. म्हणून प्रश्न नेमका विचारा: मंगलाष्टकांच्या वेळी कोण कुठे उभा राहणार? गडबडून 'ते आम्ही बघून घेतो' म्हणाला, तर मी तरी पुढच्या नावाकडे वळेन.

दुसरी गोष्ट उजेडाची. हल्ली स्टेजवर जांभळे-निळे एलईडी मारायची फॅशन आहे. हॉलमध्ये बसलेल्यांना छान वाटतं, फोटोत मात्र हळद लागलेला चेहरा मळकट दिसतो आणि नवरीच्या पिवळ्या अष्टपुत्री साडीचा रंग कुठल्या कुठे जातो. नंतर कितीही एडिटिंग करा, तो रंग नीट परत येत नाही. आणखी एक भानगड आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण शटर फार जलद ठेवलं की फोटोवर आडवे पट्टे उमटतात. जाणकार माणूस हे सांभाळतो. तुम्ही डेकोरेटरला एवढंच बजावा की विधी चालू असेपर्यंत रंगीत दिवे बंद. फोटोग्राफर आणि डेकोरेटरचं आधी एकदा फोनवर बोलणं करून दिलंत तर उत्तमच.

तिसरं, येणार कोण? तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तांची झुंबड उडते. नावाजलेला माणूस एकाच तारखेला दोन-तीन लग्नं घेतो आणि तुमच्याकडे दुसरीच टीम धाडतो. यात फसवणूक असतेच असं नाही, पण मग काम बघायचं ते त्या टीमचं. कोण येणार ते नावानिशी लिहून घ्या.

करारातलं बाकी पटकन सांगते. आदल्या संध्याकाळचं सीमांतपूजन धरलंय का, १८ टक्के जीएसटी आत की वर, अल्बमची पानं किती आणि वाढीव पानाला काय पडणार, मूळ फाइल्स सगळ्या मिळणार का, हे लेखी हवं. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवतात का तेही विचारा. शेवटचा हप्ता अल्बम हातात पडल्यावर. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा, म्हणजे तुमचा, पण करारात वेगळं काही ठरलं नसेल तरच. तेव्हा बारीक अक्षरातलं कलम वाचा. फोटो त्याने इन्स्टाग्रामवर टाकलेले चालणार नसतील तर तेही तिथेच लिहा. आणि अल्बम रखडला की दरवेळी त्याच्या नावाने खडे फोडू नका. कित्येकदा फोटो निवडून द्यायचं काम आपल्याच घरात पडून असतं.

प्रत्यक्ष लग्नात त्याच्या दिमतीला घरातला एक माणूस द्या, दोन्हीकडचे नातेवाईक ओळखणारा. पिंटरेस्टवरच्या पोझेसची यादी देण्यापेक्षा माणसांची यादी द्या: गावाहून आलेले मोठे काका, व्हीलचेअरवरची आजी, कानपिळीला उभा राहणारा भाऊ. विधींचा क्रम घराण्याप्रमाणे बदलतो, तो गुरुजींना विचारून आधीच कळवा.

आणि त्यांचं जेवण. वधूवरांची पंगत बसते नेमकी तेव्हाच फोटोग्राफर मंडळी बुफेच्या रांगेत असतात, आणि घास भरवणं, उखाणे हे सगळं कुणाच्या तरी मोबाइलवर निघतं. सप्तपदी आटोपली की त्यांना आधी पानावर बसवा. केटररला ताटांचा आकडा देताना त्यांची डोकी मोजायला विसरू नका.