१५ वर्षांच्या मुलाचं कपाळ आणि गाल पिंपल्सनी भरलेत. तेलकट खाणं बंद केलं तरी फरक नाही. काय करावं?

वडापाव सोडून पिंपल्स जात नाहीत, तेव्हा त्याच्या खाण्यावर राग काढू नका. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन वाढतात, त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशींनी छिद्रं बुजतात आणि आत जंतू वाढून सूज येते. यात अस्वच्छतेचा दोष नाही. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे, घासायचं तर अजिबात नाही.

कपाळावरच जास्त असतील तर आधी डोक्याला चापून लावलेलं तेल बंद करून बघा.

सौम्य पिंपल्सवर डॉक्टर बहुधा ॲडापॅलीन ०.१ टक्के जेल देतात. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. नुसता फोडावर ठिपका देऊन उपयोग नाही. सुरुवातीला एक दिवसाआड, सोबत मॉइश्चरायझर. लाल फोडांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के (टॉवेल पांढराच ठेवा, रंग उडतो). आधी त्वचा सोलवटते, पिंपल्स वाढल्यासारखेही वाटतात. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात आणि पोरं त्याआधीच ट्यूब फेकून देतात.

मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टेरॉइडची क्रीम मात्र नकोच. ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल दिसलं की परत करा. चार दिवस चेहरा चकाकतो, मग आणखी फोड येतात.

दुखऱ्या गाठी असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर घरी प्रयोग करत बसू नका, थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.