चौकातली खोडी आणि उघडी पेटी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेत कुणीतरी रस्ता ओलांडण्याच्या सिग्नलमध्ये बड्या उद्योगपतींचे नकली आवाज भरल्याची बातमी त्याने आम्हांला मोबाइलवर दाखवली. आपल्याकडच्या चौकातल्या एलईडी फलकावरही असे काही करून पाहता येईल, त्यात कुणाचे काय बिघडते, असे तो आणि त्याचे मित्र म्हणतात. वडील म्हणून मी त्याला काय सांगावे?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्या मुलाने पाहिलेली बातमी खरी आहे. एप्रिल २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो, रेडवुड सिटी आणि मेन्लो पार्क या गावांत पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडण्यासाठी खांबावरचे बटण दाबले, तेव्हा नेहमीच्या सूचनेऐवजी इलॉन मस्क आणि मार्क झुकरबर्ग यांच्या आवाजांची संगणकाने केलेली नक्कल ऐकू आली. काही दिवसांनी सिअ‍ॅटल शहरात जेफ बेझोस यांच्या आवाजाची नक्कल करून तोच प्रकार झाला. ही बटणे देखभालीच्या सोयीसाठी ब्लूटूथवरून मोबाइलला जोडता येतात आणि त्यांतला ध्वनी बदलता येतो. त्यासाठी लागणारा पासवर्ड कारखान्यातून जसा येतो तसाच अनेक ठिकाणी राहून गेला होता. म्हणजे नव्या घराला कुलूप लावले, पण त्याची किल्ली दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक कुलपाला लागत होती, अशी ती अवस्था होती.

आता त्यात कुणाचे काय बिघडले ते पाहू. ही बोलणारी बटणे मुळात डोळस माणसांसाठी बसवलेली नसतात. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला खांब कुठे आहे हे कळावे म्हणून त्यातून संथ टिकटिक येत राहते, बटण दाबल्यावर थांबण्याची सूचना मिळते, चालण्याचा दिवा लागला की टिकटिक जलद होते किंवा कोणता रस्ता आता ओलांडता येईल हे शब्दांत सांगितले जाते, आणि ज्याला ऐकूही येत नाही त्याच्यासाठी बटणावरचा बाण हाताखाली थरथरतो. ज्या माणसाचा रस्त्यावरचा सगळा भरवसा त्या एका आवाजावर आहे, त्याला त्या जागी परकी बडबड ऐकू आली तर त्याने पाऊल टाकावे की थांबावे? पालो आल्टोच्या प्रशासनाला दुरुस्ती होईपर्यंत बोलून सूचना देण्याची सोयच बंद ठेवावी लागली. ज्यांनी हसून चित्रफिती पुढे पाठवल्या त्यांना ही गैरसोय जाणवली नाही, आणि ज्यांना जाणवली त्यांना चित्रफिती दिसत नव्हत्या. आपल्या मुलाला हे एवढे अवश्य सांगावे.

एलईडी फलकाचेही तसेच आहे. जानेवारी २००९ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात रस्त्याच्या कामाजवळ ठेवलेल्या चाकांच्या फलकावर ‘पुढे झोंबी आहेत’ असा मजकूर झळकला. त्या फलकाचा कळफलक असलेली पेटी कुणालाही उघडता आली आणि पासवर्डही ठरीव होता. लोक हसले हे खरे, पण त्या जागी पुढे काम चालू असल्याची सूचना असायला हवी होती, आणि रात्री वेगाने येणाऱ्या चालकाला ती मिळाली नाही. आपल्याकडे पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या किंवा खानापूरच्या वाटेवर ‘रस्ता बंद’ हा फलक किती मोलाचा असतो, हे बेळगावच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पोलंडमधील लॉड्झ शहरातील जानेवारी २००८ ची घटना मुलाला जरूर वाचायला द्यावी. चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाने दूरचित्रवाणीचा रिमोट बदलून ट्रामला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारे सांधे हलवण्याचे यंत्र बनवले. चार ट्राम रुळांवरून घसरल्या आणि बारा जण जखमी झाले. हुशारी खरी होती, पण आपण हलवतो त्या सांध्यावरून माणसे चालली आहेत ही जाणीव नव्हती.

कायद्याचेही सांगतो, कारण आपण वडील आहात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार परवानगीवाचून अप्रामाणिक हेतूने संगणकप्रणालीत शिरून फेरफार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘आम्ही गंमत करत होतो’ हे पटवून देण्याची धावपळ मग मुलाच्या आणि आपल्या वाट्याला येते, आणि पारपत्राच्या वा नोकरीच्या पडताळणीच्या वेळी पोलीस ठाण्यातली एक नोंदही पुरेशी त्रासदायक ठरते. तरीही केवळ धाक घालून त्याचे कुतूहल मारू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. त्या कुतूहलाला सरळ वाट आहे, ती पुढच्या उत्तरात येते.

प्रश्न : आमच्या मालवाहू गाड्या महामार्गावर रोज धावतात. कुणी घरबसल्या चौकातले चारही बाजूंचे दिवे एकदम हिरवे करू शकतो का? आमचे चालक हे ऐकून घाबरले आहेत.
— एक वाहतूक व्यावसायिक, निपाणी

उत्तर : चारही बाजूंना एकदम हिरवा दिवा, ही सिनेमातली भीती आहे, आणि ती खरी होऊ नये म्हणून सिग्नलच्या पेटीत एक वेगळा पहारेकरी बसवण्याची पद्धत आहे. दिव्यांचा क्रम ठरवणारा नियंत्रक निराळा असतो आणि प्रत्यक्ष दिव्यांच्या तारांवर लक्ष ठेवणारा हा पहारेकरी निराळा असतो. एकमेकांना छेदणाऱ्या दोन दिशांना एकाच वेळी हिरवा दिवा गेला, तर तो नियंत्रकाचे काहीही न ऐकता सगळा चौक लुकलुकत्या दिव्यांवर आणून ठेवतो. त्याचे नियम संगणकाच्या आज्ञेने बदलत नाहीत, त्यासाठी पेटी उघडून हातानेच काम करावे लागते. आपल्या चालकांना एवढे पक्के सांगावे की लुकलुकता लाल दिवा दिसला तर गाडी पूर्ण थांबवून, दोन्हीकडे पाहून मगच निघायचे आणि लुकलुकता पिवळा दिसला तर वेग कमी करून जपून पुढे जायचे.

यावर सर्वांत नेमका अभ्यास अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तेथील एका रस्ते विभागाची रीतसर परवानगी घेतली आणि त्या विभागाच्या सुमारे शंभर सिग्नलांचे रेडिओने जोडलेले जाळे तपासले. सापडलेले दोष अगदी साधे होते. रेडिओवरचे बोलणे सांकेतिक केलेले नव्हते, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड कारखान्यातलेच होते, आणि दुरुस्तीसाठी ठेवलेली एक वाट उघडीच राहिली होती. त्यांना दिवे हवे तसे बदलता आले, पण परस्परविरोधी हिरवे दिवे मात्र लावता आले नाहीत, कारण तो पहारेकरी आडवा आला. आपले निष्कर्ष त्यांनी आधी त्या विभागाला कळवले आणि मग जगाला सांगितले. टिळकवाडीच्या वाचकांच्या मुलाने चालायची वाट हीच आहे.

म्हणून धोका नाही असे मी म्हणत नाही. एका दिशेचा लाल दिवा नुसता लांबवला तरी शहर तुंबते, आणि चंदगड किंवा खानापूर तालुक्यातून रुग्ण घेऊन बेळगावच्या रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका चन्नम्मा सर्कलला दहा मिनिटे अडकली तर त्या दहा मिनिटांची भरपाई कुणी करू शकत नाही. शिवाय हे करायला बाहेरचाच माणूस लागतो असे नाही. २००६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अभियंत्यांचे आंदोलन चालू असताना तिथल्याच दोन वाहतूक अभियंत्यांनी चार गर्दीच्या चौकांच्या सिग्नल यंत्रणेत फेरफार केला आणि ती पूर्ववत करायला चार दिवस लागले. दोघांनी पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. नोकरी सोडून गेलेल्या वा कंत्राट संपलेल्या माणसाचा पासवर्ड त्याच दिवशी बदलणे हे म्हणूनच कुठल्याही महागड्या यंत्राहून अधिक गरजेचे आहे. बेळगावचे नाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आले आणि तेव्हापासून कॅमेरे, फलक आणि नियंत्रण केंद्र यांवर मोठा खर्च झाला. त्या यंत्रांचे पासवर्ड कुणाकडे आहेत आणि ते शेवटचे कधी बदलले, हा प्रश्न नगरसेवकांनी सभागृहात विचारायला हवा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आठवडी बाजारात भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवर दुसराच कागद चिकटवल्याचे ऐकले. ओळखावे कसे?
— एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर येणारे नाव मोठ्याने वाचून दाखवावे आणि भाजीवाल्याने होकार दिल्यावरच पुढे जावे. विक्रेत्यांनी रोज सकाळी कोडच्या कडेवर नख फिरवून पाहावे, वर दुसरा कागद असेल तर लगेच कळतो. हाच प्रकार टेक्सासमध्ये वाहनतळाच्या यंत्रांवर झाला होता, तेव्हा तो फक्त आपल्याच बाजारात होतो असे समजू नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

प्रश्न : तुम्ही प्रत्येक वेळी खोडीला दोष देता. कुणाचेही नुकसान न करणारी रस्त्यावरची खोडी असूच शकत नाही का?
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : असू शकते, आणि तिची दोन उदाहरणे मला फार आवडतात. फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिनच्या एका कलावंताने ९९ जुने मोबाइल एका हातगाडीत भरले आणि ती गाडी रिकाम्या रस्त्यावरून सावकाश ओढत नेली. मोबाइलवर रहदारी दाखवणाऱ्या नकाशाच्या सेवेला वाटले की तिथे ९९ वाहने रांगत आहेत, आणि नकाशावर मोकळा म्हणून हिरवा दिसणारा रस्ता लाल झाला. त्याने सार्वजनिक मालमत्तेला हात लावला नाही, कुठे शिरकाव केला नाही, तरी नकाशा कशावर विश्वास ठेवतो हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसले.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. ऑगस्ट २००१ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका कलावंताने महामार्गावरील मार्गदर्शक फलकावर एक उणीव हेरली. पुढे पाच क्रमांकाच्या महामार्गाकडे वळायचे आहे, हे त्यावर लिहिलेलेच नव्हते आणि चालक चुकत होते. त्याने सरकारी मापांप्रमाणे अक्षरे, रंग आणि चमक जुळवून तो तुकडा तयार केला, कामगाराचा पोशाख चढवला आणि भर दिवसा फलकावर बसवला. ही गोष्ट उघड झाल्यावरही विभागाने तो काढला नाही, आणि २००९ मध्ये फलक बदलताना ती माहिती नव्या फलकावर घेतली. त्याने लिहिले ते खरे होते आणि रोज हजारोंच्या उपयोगी पडले. तरीही वाहत्या महामार्गावर चढून असे काम दुसऱ्या कुणी करावे असे मी म्हणणार नाही, कारण हातातून एखादा खिळा खाली पडला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

माझी कसोटी अशी की ज्या वस्तूवर कुणी आंधळेपणाने विसंबून आहे तिला हात लावू नये. डॅलस शहरात एप्रिल २०१७ मध्ये मध्यरात्रीच्या सुमारास कुणीतरी रेडिओ संकेत पाठवून वादळाची सूचना देणारे १५६ भोंगे वाजवले. कुणाला खरचटलेही नाही, पण घाबरलेल्या लोकांचे चार हजारांहून अधिक फोन आपत्कालीन क्रमांकावर आले, आणि त्या रांगेत खरोखरच संकटात असलेला माणूसही अडकला असणार.

आपण शिक्षिका आहात म्हणून एक गोष्ट आपल्याच भागाची लिहितो. गावांच्या नावांचे फलक हा सीमाभागात जिव्हाळ्याचा आणि दुखरा विषय आहे. फलकावर मराठीतही नाव असावे ही मागणी मला न्याय्य वाटते आणि ती अर्जाने, मोर्चाने, न्यायालयात करत राहावी. परंतु दिशादर्शक फलकाला काळे फासणे, मग ते कोणत्याही बाजूने कोणत्याही भाषेला फासलेले असो, रात्री वाट शोधणाऱ्या परगावच्या चालकाला फसवणे आहे. मुलांना हा फरक वर्गात समजावून सांगता आला तर फार बरे होईल.

प्रश्न : आमच्या चौकातील सिग्नलच्या पेटीचे दार दोन महिने उघडे आहे. आतल्या तारा आणि दिवे दिसतात. फोटो काढून गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकावा, म्हणजे कुणाचे तरी लक्ष जाईल, असे मला वाटते. योग्य होईल का?
— एक निवृत्त कर्मचारी, शहापूर, बेळगाव

उत्तर : कृपया गटावर टाकू नका. गटावरचा फोटो तासाभरात गावभर होतो आणि कुठली पेटी उघडी आहे हे ज्याला कळू नये त्यालाही कळते. फोटो दुरूनच काढा, आत हात घालू नका, दार स्वतः लोटण्याचाही प्रयत्न करू नका, कारण आत वीजप्रवाह असतो आणि बेळगावच्या पावसात पत्र्यालाही तो उतरू शकतो. पेटीवर किंवा खांबावर क्रमांक रंगवलेला असेल तर तो टिपून घ्या.

मग महानगरपालिका आयुक्त आणि वाहतूक पोलीस या दोघांच्या नावे एकच अर्ज लिहा. मराठीत लिहिण्याचा आपला आग्रह मी समजू शकतो, पण येथे काम लवकर होणे महत्त्वाचे आहे, म्हणून मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा. शेजारच्या एखाद्या मुलाकडून ती दहा मिनिटांत होते. तारा लोंबत असतील तर हेस्कॉम या वीज कंपनीच्या १९१२ क्रमांकावर त्याच दिवशी सांगा, राष्ट्रीय महामार्गावरील बिघाड असेल तर १०३३ वर, आणि दिवे चुकीचे लागून अपघात होण्यासारखी स्थिती असेल तर थेट ११२ वर. आपला कुणी जाणकार नातेवाईक यंत्राच्या पासवर्डमध्येच दोष आहे असे म्हणत असेल, तर तो दोष गावात न सांगता सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेला कळवावा. २००४ पासून ती अशाच सूचनांवर काम करते आणि त्या घेण्याची तिची रीतसर व्यवस्था आहे.

अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. पंधरा दिवसांत काही झाले नाही तर त्याच पोचेचा क्रमांक घालून स्मरणपत्र द्या आणि त्याची प्रत आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना पाठवा. दुरुस्ती झाल्याचे कळवले गेले तरी एकदा स्वतः जाऊन पाहा की दाराला खरे कुलूप बसवले आहे की नुसती तार गुंडाळून ठेवली आहे. तार असेल तर दुसरा अर्ज त्याच दिवशी द्या.