माव्याची सोंड झाडाला जाणवत नाही का?

प्रश्न : अळीने पान कुरतडले की झाड स्वतःच्या बचावासाठी तिला अपायकारक रसायने तयार करते, असे वाचले होते. मावा आणि पांढरी माशी मात्र एकाच पानावर तासन्‌तास बसून रस शोषतात. त्यांची सोंड झाडाला जाणवत नाही का?

उत्तर : जाणवते, मात्र हे कीटक झाडाला फारशी जखमच होऊ देत नाहीत. माव्याची केसाहून बारीक सुईसारखी सोंड पेशी फोडत जाण्याऐवजी बहुतांशी पेशींच्या मधल्या जागेतून वाट काढते आणि पानात तयार झालेली साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिनीपर्यंत पोचते. वाटेत तो घट्ट होणारी लाळ सोडतो आणि तिचे सोंडेभोवती आवरण तयार होते.

खरी झुंज रसवाहिनीत होते. तिला छिद्र पडताच पेशीत कॅल्शियम शिरते, त्या इशाऱ्याने विशिष्ट प्रथिने फुगून वाट अडवतात आणि मागोमाग कॅलोज नावाचा पदार्थ साचून वाहिनी बंद होऊ लागते. झाडाचा हा उपाय अत्यंत प्रभावी आहे, आणि तरीही मावा उपाशी मरत नाही, याचे एक कारण 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून पुढे आले : माव्याच्या पातळ लाळेतील प्रथिने कॅल्शियम बांधून ठेवतात, त्यामुळे फुगलेली प्रथिने पुन्हा आक्रसतात.

पांढरी माशी वेगळी युक्ती वापरते. अळीविरुद्ध झाड मुख्यतः जॅस्मोनिक आम्ल या पेशींना इशारा देणाऱ्या रसायनाच्या मार्गाने प्रतिकार उभारते, तर रोगजंतूंविरुद्ध बहुधा सॅलिसिलिक आम्ल या दुसऱ्या तशाच रसायनाच्या. हे दोन मार्ग अनेकदा एकमेकांना दाबतात. पांढऱ्या माशीची पिल्ले दुसरा मार्ग जागा करतात आणि त्यांना अधिक घातक ठरणारा पहिला मार्ग मंदावतो. झाड गाफील नसते, त्याची दिशाभूल झालेली असते. आपल्या प्रश्नाचे माझ्या मते हेच नेमके उत्तर आहे.

रसात साखर भरपूर आणि अमिनो आम्ले कमी असल्याने या कीटकांना गरजेपेक्षा पुष्कळ अधिक रस प्यावा लागतो व जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. पानांवर दिसणारा चिकटा तो हाच, आणि पुढे त्यावरच काळी बुरशी वाढते. नत्रखताची मात्रा जास्त झाली की रसातील अमिनो आम्ले वाढतात आणि माव्याची पैदासही बहुधा वाढते. म्हणून फवारणीचा विचार करण्याआधी खताचा हिशेब तपासावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

झाडाच्या बाजूनेही जमेच्या गोष्टी आहेत. जंगली टोमॅटोतून लागवडीच्या वाणांत आणलेले एमआय-1 हे जनुक मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना रोखते, तसेच बटाट्यावरील माव्याच्या आणि पांढऱ्या माशीच्या काही प्रकारांनाही. कपाशीच्या पानांवरील दाट लव तुडतुड्यांना अडवते. मात्र तीच लव पांढऱ्या माशीला अनेकदा मानवते, त्यामुळे वाण निवडताना आपल्या शेतात कोणत्या किडीचा उपद्रव अधिक आहे, हे आधी पाहावे लागते.