काथोडी, कातकरी आणि काथ्या

विचारणा अशी आहे : रायगड जिल्ह्यातील 'काथोडी' या जमातीच्या नावाचा नारळाच्या काथ्याशी काही संबंध आहे का? 'काथोडी' आणि 'कातकरी' एकच का? आणि आज त्यांच्यापैकी कोणी कात करताना दिसत नसेल, तर 'कात तयार करणारे लोक' असा या शब्दाचा अर्थ सांगणे कितपत योग्य आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देता येतात. काथ्याशी या नावाचा संबंध नाही. काथ्या नारळाच्या सोडणापासून निघतो आणि तो किनाऱ्यावरच्या वाड्यांचा माल आहे, तर काथोडी मूळचे सह्याद्रीच्या उतारावरील रानांतले. दोन्ही नावे एकाच जमातीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी विड्यात घालतात तो कात किंवा काथ आहे. हा शब्द संस्कृत 'क्वाथ' म्हणजे उकळून आटवलेला रस याकडे नेला जातो. 'काढा' हे त्याच शब्दाचे अधिक झिजलेले रूप होय, आणि 'काथ'मधला महाप्राण गळून 'कात' झाला. 'शेतकरी', 'पहारेकरी' यांतला 'करी' जोडला की 'कातकरी' सिद्ध होतो.

काही जण या नावाचा संबंध कातडीशी लावतात, म्हणून लिंगाकडे लक्ष वेधतो. साप टाकतो 'ती' कात आणि पानाला लावतात 'तो' कात. पहिला शब्द 'कृत्ति' म्हणजे त्वचा यावरून आलेला, स्त्रीलिंगी आहे, दुसरा पुल्लिंगी. कातकऱ्यांच्या नावात दुसराच आहे. (शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राला हा भेद अजून कळत नाही; कोकणातल्या कोणत्याही पानवाल्याला कळतो.)

तिसरा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर व्याकरणात नसून खैराच्या झाडात आहे. खैराचे खोड तोडून वरचे पांढरट लाकूड तासून टाकायचे, आतल्या तांबूस गाभ्याच्या ढलप्या काढायच्या, त्या मडक्यांत पाणी घालून तासन्‌तास उकळायच्या, उतरलेला रस गाळून पुन्हा आटवायचा आणि घट्ट झाला की वाळवून त्याच्या वड्या पाडायच्या, असे हे काम. त्यासाठी लाकूड, पाणी आणि जळण एकाच ठिकाणी लागते, म्हणून हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे रानात तळ ठोकून राहत. 'कातकरी' हे नाव या वस्तीचे, या कौशल्याचे आणि खैराच्या रानात मोकळेपणी वावरण्याच्या मुभेचे आहे. ती मुभा गेली की व्यवसाय उरत नाही.

ती गेली कशी, याचा एक दाखला कायद्यात आहे. 1878च्या वन कायद्याने राखीव जंगलांची व्यवस्था घट्ट केली आणि 1927च्या कायद्याने ती पुढे चालवली. राखीव रानात झाड तोडणे, विस्तव करणे हे गुन्हे ठरले, आणि कात करायचा तर नेमक्या याच दोन गोष्टी कराव्या लागतात. कातकऱ्यांनी 'पारंपरिक व्यवसाय सोडला' असे अनेक लेखांत वाचायला मिळते. हे क्रियापद मला खटकते, कारण त्यात सोडणाऱ्याची इच्छा गृहीत धरलेली असते. येथे 'व्यवसाय सुटला' म्हणणेही पुरेसे नाही. 'हिरावला गेला' हेच अधिक अचूक ठरेल.

पुढचा इतिहास 'भट्टी' या एकाच शब्दात दिसतो. कातभट्टी बंद पडल्यावर कातकरी कुटुंबे व्यापाऱ्यांच्या कोळसाभट्टीवर गेली. लाकडे रचून वर पाला आणि माती लिंपून, हवा कोंडून ती जाळायची, याला आपल्याकडे कोळसा 'पाडणे' म्हणतात. शहरांच्या चुलींसाठी पाडलेल्या या कोळशापायी डोंगर उघडे पडले, आणि ज्यांचे पोट त्या डोंगरावर होते त्यांच्याच हातून ते उघडे पाडून घेण्यात आले. झाडे संपली आणि घरोघरी गॅस आला, तेव्हा तिसरी भट्टी आली, विटांची. पावसाळ्यापूर्वी किंवा सणासुदीला 'उचल' घ्यायची आणि दिवाळीनंतर वाडी रिकामी करून भट्टीवर जायचे, हा क्रम आजही पनवेल, पेण, कर्जतकडच्या वाड्यांना ठाऊक आहे. हंगामात वाडीच्या शाळेतली पोरेही आईबापांबरोबर जातात. 'उचल' म्हणजे आगाऊ मजुरी असा अर्थ कोश देईल, पण व्यवहारात तिचा अर्थ काम संपेपर्यंत न फिटणारे देणे असाच होतो.

रान आटल्यावर ओढे आणि नद्या यांचा आधार राहिला होता. मासे आणि खेकडे ही घरची भाजी आणि बाजारचे चार पैसेही. रसायनीजवळची पाताळगंगा, धाटावजवळची कुंडलिका आणि महाडची सावित्री या नद्यांच्या काठी रासायनिक कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या सांडपाण्याने हा आधारही कमकुवत केला.

मात्र कातउद्योग कोकणातून नाहीसा झाला, असा अर्थ कोणी काढू नये. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याच्या परिसरात कात आजही बनतो आणि खासगी मालकीच्या जमिनीवरील खैराला भाव आहे, परवानगीने तोडलेल्याला आणि चोरून तोडलेल्यालाही. पण झाड आणि कारखाना या दोन्हींची मालकी कातकऱ्यांकडे नाही. म्हणून कोशातील नोंद माझ्या मते अशी असावी : 'कातकरी (पुं.) – खैरापासून कात करण्याच्या पूर्वीच्या व्यवसायावरून नाव पडलेली, कोकण व लगतच्या भागातील एक आदिवासी जमात; काथोडी.' 'पूर्वीच्या' हा शब्द गाळू नये आणि 'जात' हा शब्द वापरू नये.

लेखनाबद्दल एक सूचना. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी, कातकरी, तसेच त्यांची ढोर आणि सोन या विशेषणांची रूपे एकाच नोंदीखाली दिलेली आहेत, आणि केंद्र सरकारने महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह कातकऱ्यांचा समावेश केलेला आहे. तेव्हा 'काथोडी' आणि 'कातकरी' यांपैकी कोणतेही रूप चूक ठरवण्याचे कारण नाही. दाखल्यावर बापाचे रूप एक आणि मुलाचे दुसरे असले, तर ती एकाच जमातीची दोन नावे आहेत, हे कारकुनाला यादी दाखवून सांगता येते.